"सर्व प्रकारच्या किड्यांसाठी" फवारणी: सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, पुणे

विषय: येत्या रविवारची सरसकट फवारणी रद्द करण्याबाबत, आणि तक्रारीतले किडे आधी ओळखून घेण्याबाबत.

महोदय,
सस्नेह नमस्कार.

लिफ्टशेजारच्या फलकावरची सूचना वाचली. बाग, पार्किंग, जिने आणि गच्ची इथे "सर्व प्रकारच्या किड्यांसाठी" फवारणी होणार आहे. पाऊस सुरू झाल्यापासून ग्रुपवर रोज एखाद्या किड्याचा फोटो पडतो आणि त्याखाली "समिती काय करतेय?" हा प्रश्न, त्यामुळे तुमच्यावर दबाव आहे हे मान्य. पण त्या फोटोंतले किडे एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. काही झाडांचे शत्रू आहेत, काही त्या शत्रूंना खाणारे, एक-दोन खरोखर त्रासदायक, आणि बाकीचे पावसाने घरात आलेले पाहुणे. सगळ्यांवर एकच पंप मारण्याला माझी हरकत आहे.

सुरुवात जास्वंदीपासून करते, कारण सर्वांत जास्त आरडाओरडा तिच्यावरून झाला. ए विंगसमोरच्या जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतो तो पिठ्या ढेकूण. ही कीड खरीच. रस शोषते, शेंडे आकसतात, खाली उभ्या गाड्यांवर चिकट थर बसतो. मात्र "कापूस चालायला लागला" असा जो व्हिडिओ सी विंगमधून आला, त्यातला प्राणी वेगळा आहे. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी. तिच्याही अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असतात, त्यामुळे ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते, पण आकाराने मोठी असते. काडीने हलकेच डिवचली की तुरुतुरु पळते. ढेकूण जागचा फारसा हलत नाही. ही अळी त्याच ढेकणांवर जगते. मूळ ऑस्ट्रेलियाचा हा ढालकिडा १८९८ मध्ये भारतात मुद्दाम आणला गेला, आणि आज द्राक्षबागायतदार तो पैसे देऊन विकत घेऊन बागेत सोडतात. आपल्याकडे तो फुकट आला, तर आपण त्याला मारायला माणूस बोलावतोय.

त्याच झाडावर आणखी एक गंमत शोधता येईल. स्पाल्गिस नावाच्या छोट्या करड्या फुलपाखराची अळीसुद्धा पिठ्या ढेकूण खाते आणि त्यांचंच मेण अंगावर घेऊन त्यांच्यात मिसळून राहते. फुलपाखराची अळी पानं सोडून ढेकूण खाते हेच मुळात दुर्मीळ. तिचा कोष इवलासा असतो, पण वरून पाहिलं तर हुबेहूब माकडाचं तोंड. मुलांना दाखवावा असा.

फवारणीने इथे उलटंच होतं. पिठ्या ढेकणाच्या अंगावरच्या मेणावरून औषध ओघळून जातं, शिवाय बरेचसे सालीच्या फटीत आणि पानाच्या बेचक्यात सुरक्षित बसतात. उघड्यावर फिरणारे ढालकिडे आणि अळ्या आधी मरतात. मग उरलेल्या ढेकणांना कोणी खाणारा नाही. माळीकाकांनी फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करावेत, बाकी फांद्यांवर पाइपने पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि खोडावरून वर जाणारी मुंग्यांची रांग तोडावी. मुंग्या त्या चिकट रसासाठी ढेकणांची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कुंड्यांतली, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही फुलपाखराची. डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते, उग्र वास येतो, तेवढंच. त्यातली एखादी ब्लू मॉर्मनचीही असू शकते. २०१५ पासून तेच आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे. चार पानं खाऊ द्यावीत.

घरातल्या तक्रारी थोडक्यात. भिंतीवर चिकटलेली, भोपळ्याच्या बीसारखी चपटी करडी पिशवी ही एका पतंगाच्या अळीची. धूळ आणि रेशीम यांची ती पिशवी ओढत ती फिरते आणि जळमटं, केस, लोकर खाते. तिला औषध म्हणजे केरसुणी. बाथरूममधल्या केसाळ, बदामी आकाराच्या इवल्या माश्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात वाढतात. उडणाऱ्या माश्यांवर कितीही स्प्रे मारा, तो थर ब्रशने खरवडल्याशिवाय त्या थांबणार नाहीत. खिडकीच्या चौकटीवरचं मातीचं घरटं कुंभारीण माशीचं. ती एकटी राहते, गांधीलमाशांसारखी झुंडीने अंगावर येत नाही. आत पिल्लांसाठी कोळी किंवा अळ्या बेशुद्ध करून भरलेल्या असतात. घरट्याला गोल भोक पडलेलं दिसलं की पिल्लू उडून गेलंय, मग खुशाल खरवडा. जिन्यात वेटोळं करून पडणारे पैसा-किडे (मिलिपीड) सुपलीत भरून बागेत टाकावेत, फक्त लहान मुलांनी हातात घेऊ नयेत, कारण त्यांच्या अंगातून निघणाऱ्या द्रवाने त्वचेला डाग पडतो, कधी जळजळही होते.

दोन बाबतींत मात्र समितीने ढिलाई करू नये. पहिली वाळवी. पावसानंतर संध्याकाळी जिन्यातल्या दिव्यांभोवती पंखवाले किडे जमले तेव्हा काहींनी त्या उडत्या मुंग्या ठरवल्या, काहींनी वाळवी. बघायचं असं: वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर नाही, मिशा सरळ. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरात मुडपलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. बाहेरच्या दिव्यावर वाळवी आली म्हणजे इमारतीला वाळवी लागली असं नाही, ती आजूबाजूच्या जमिनीतूनही उडते. पण बंद घरात दाराच्या चौकटीपाशी गळलेल्या पंखांचा ढीग, किंवा भिंतीवर मातीची नळी दिसली, तर थांबू नये. तिथे ड्रिल करून औषध भरण्याचं रीतसर काम हवं. बागेतल्या फवारणीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसरा, नारिंगी-काळे पट्टे असलेला, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा पिडेरस नावाचा किडा. हा दिव्याकडे येतो. चावत नाही, डंखही नाही, पण अंगावर चिरडला की आतलं विष त्वचेला लागतं आणि दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा पट्टा उठतो. डोळ्यांजवळ लागलं तर फारच त्रास. त्याला मारू नये, फुंकर मारून उडवावा, आणि चिरडलाच गेला तर लगेच साबण-पाण्याने धुवावं. सूचना लावायचीच असेल तर ही लावा, फोटोसकट. बागेतले आणि गच्चीवरचे दिवे रात्री उशिरा बंद केले तरी बराच फरक पडेल.

तेव्हा माझी विनंती अशी. रविवारची फवारणी रद्द करा. तक्रार नोंदवताना किडा कुठे सापडला, कधी, कोणत्या झाडावर, हे लिहिलेलं असावं, आणि वरून व बाजूने असे स्पष्ट फोटो, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. हललेला फोटो आणि खाली किंचाळणारे चेहरे यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. पाय मोजता आले तर उत्तम: सहा असतील तर कीटक, आठ असतील तर कोळ्याच्या किंवा गोचिडीच्या जातकुळीतला. मोबाइलवर शोधलं तर पहिलं नाव बऱ्याचदा अमेरिकेतल्या किड्याचं येतं, त्यावर विसंबू नये. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकला तर इथले जाणकार पाहतात.

आणि कुणालाही काम देण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: कृषी खात्याचा परवाना, औषधाचं नाव, आणि डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. डायक्लोरव्हॉसवर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे, ते कुणी आणलं तर गेटवरूनच परत पाठवा.

ओळख पटवण्याचं काम तूर्त मी करायला तयार आहे. काचेची बरणी आणि भिंग माझ्याकडे आहे. किडा जिवंत आणा, चपलेखालचा नको.

कळावे,
आपली,
बी विंगमधील एक सभासद