लीड्सहून आई-बाबांना

ती. आई व बाबांस सा. नमस्कार.

फोनवर आई रडते, मग बाबाही गप्प होतात, म्हणून लिहितोय. तब्येत बरी आहे. जेवतो, जिना चढतो. आई, दुखणं मी अंगावर काढलेलं नाही. लघवीतून रक्त दिसलं आणि लगेच दाखवलं. बाहेरच्या खाण्यानंही हे झालेलं नाही.

बाबा, 'टाटाला ये, तिथंही हे ऑपरेशन होतं' हे तुमचं खरं आहे. पण गाठ उजव्या किडनीतून निघून पोटातल्या मोठ्या शिरेत शिरलीये, पाइपात झाडाचं मूळ शिरावं तशी. तुकडा सुटला तर थेट फुप्फुसात जातो. एवढ्या लांबच्या प्रवासाला डॉक्टर नको म्हणाले. किडनीच्या कॅन्सरमध्ये १०० पैकी ४ ते १० जणांना असं होतं, तेव्हा इथल्यांना हे नवीन नाही. आधी किडनीची धमनी बांधतात, मग शिरेला वर-खाली चिमटे लावून ती उघडतात, गाठ काढतात आणि शीर शिवतात. माझ्या गाठीचं टोक यकृताच्या खालीच आहे. हृदयापर्यंत गेलं असतं तर हार्ट-लंग मशीन लागलं असतं. डावी किडनी उत्तम आहे, एकीवर माणूस नीट जगतो.

इथली एक रीत मात्र मला अजून पचत नाही. आपल्याकडे डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात. इथे सगळं पेशंटलाच. मेघना शेजारी होती, तरी डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत होते. रक्त किती जाऊ शकतं, तुकडा सुटला तर काय, सगळं. तेच संमतीपत्रावर लिहून सही घेतात आणि झालेलं बोलणं मागाहून टपालानं घरी येतं. त्यात मृत्यूचाही उल्लेख असतो. एवढ्या मोठ्या ऑपरेशनला तो सगळ्यांच्याच कागदावर असतो, माझ्या एकट्याच्या नाही. मेघनानं ते पत्र वाचलं आणि कणीक मळायला उठली.

ऑपरेशनचं बिल येत नाही, व्हिसाच्या वेळी आरोग्याचे पैसे भरलेत. बाबांनी एफडी मोडू नये. मंगल कार्यालयाचा राहिलेला हप्ता मेघना पाठवेल. सोनूच्या लग्नाची तारीख हलवू नका. तिच्या सासरी खरं तेच सांगा. हा कॅन्सर बहुतेकांत पिढीजात नसतो, डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतलंय. मी येण्याचा प्रयत्न करीनच. पण कानपिळीला मामाच्या अजयला आत्ताच सांगून ठेवा.

मंगळवारी ऑपरेशन झालं की मेघना फोन करेल. उशीर झाला तर घाबरू नका, याला वेळ लागतोच.

तुमचा,
राजू