जुन्या गाड्या आणि मालकांचा तोरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या मोटारींच्या मेळाव्याचा आपला सचित्र वृत्तान्त वाचला. फोटो झकास, पण सगळे पहिल्या रांगेतले: जॅग्वार एक्सके १२०, पंखासारखी दारं उघडणारी मर्सिडीज ३०० एसएल. माझ्यासारखे मॉरिस मायनरवाले पार मागे, झाडाखाली.

या छंदात मानपान फार. मायनर ही दहा लाख गाड्या बनण्याचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी, म्हणजे 'कुणाकडेही असायची ती'. पुढे मिनी ही प्रसिद्ध छोटी मोटार घडवणाऱ्या अ‍ॅलेक इसिगोनिसनंच ती घडवली, हे सांगितलं की जरा भाव मिळतो. मग लगेच विचारणा होते, 'इंजिन मूळचं का?' माझ्या गाडीत ९४८ सीसीचं जाऊन नंतरच्या मॉडेलचं १०९८ सीसीचं आलंय. एवढं ऐकलं की गृहस्थ पुढच्या गाडीकडे. चेसिस आणि इंजिनाचे नंबर जुळवून पाहणं गैर नाही. नकली गाडी अस्सल म्हणून खपवणारे आहेतच. पण मी कुठे गाडी विकायला काढली होती?

त्याच मेळाव्याहून निघताना माझ्या गाडीतला, टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा विजेवरचा पंप रुसला. किल्ली फिरवली की येणारी टिकटिक येईना. धावत आला तो एक्सके १२०चा मालक. पान्याच्या मुठीनं पंपावर दोन हलक्या टिचक्या दिल्या, टिकटिक सुरू! तेवढ्यावर न थांबता इग्निशन बंद करायला लावलं, पंपाची टोपी काढली आणि काळे पडलेले विजेचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं घासून दिले. "माझ्याकडेही एसयू कंपनीचाच पंप, असाच दगा देतो," म्हणाला. माझ्या इंजिनाचा नंबर त्यानं विचारला नाही. तोऱ्याचा संबंध गाडीच्या किमतीशी नसावा, असं माझं मत झालंय. स्वतः हात काळे करणारा सहसा नाक मुरडत नाही.

आयोजकांना एक सुचवावंसं वाटतं. गाड्या किमतीनं नव्हे, मॉडेल पहिल्यांदा लोकांसमोर आलं त्या सालानं लावा. मायनर आणि एक्सके १२० लंडनच्या १९४८च्या एकाच प्रदर्शनात लोकांसमोर आल्या; सिट्रोएन टू-सीव्हीही त्याच वर्षी, पॅरिसला. तिघी शेजारी उभ्या राहू द्यात, बॉनेट उघडी ठेवून. आपल्या छायाचित्रकारालाही तिकडे धाडा.

आपला,
एक मायनरवाला वाचक