मंत्रिमहोदय, रोलच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्ड नसतं

मा. नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री यांस,
सांगलीहून सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, मी ड्रोन उडवला. खाली रोलचा जुना कॅमेरा बांधला होता. सगळं मिळून वजन दोन किलोच्या आत. तुमच्या 2021 च्या ड्रोन नियमांत हा मायक्रो गट. हौसेसाठी उडवायला लायसन्स लागत नाही, ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावरच्या मोकळ्या हवाई हद्दीत, 120 मीटरपर्यंत परवानगीही लागत नाही. नोंदणी क्रमांक ड्रोनवर चिकटवलेला होता.

उतरवला तोच एक पोलीस साहेब आले. "कार्ड काढ." म्हटलं, साहेब, कार्ड नाही, रोल आहे, धुतल्याशिवाय काही दिसत नाही. "मला शिकवतोस?" भर उन्हात झाकण उघडून त्यांनी अख्खी फिल्म बाहेर ओढली, उजेडाकडे धरली. म्हणाले, "यात तर काहीच नाही."

छत्तीस फोटो होते, मंत्रिमहोदय! न धुतलेल्या फिल्मला उजेड लागला की सगळे जातात. वर गेल्यावर कॅमेऱ्याला काय दिसतंय ते खाली कळत नाही. अंदाजानं ड्रोन स्थिर करायचा, रिमोटनं छोटी मोटर बटण दाबते, वारा आला की फ्रेम हलली. एका बॅटरीत आठ-नऊ फोटो. ही जुळणी बसवायला मला सहा महिने लागले.

रोलच का, असं विचारतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. गावभागातल्या आमच्या घरात हार्ड डिस्क गेली, ती गेलीच. वडिलांच्या निगेटिव्ह मात्र चिखलातून काढून स्वच्छ पाण्यात धुतल्या, दोरीवर वाळवल्या. बऱ्याचशा वाचल्या. कृष्णामाईनं जे ठेवलं, ते एका माणसानं दोन सेकंदांत घालवलं.

तक्रार द्यायला ठाण्यात तीनदा गेलो. तिसऱ्यांदा सांगितलं, ऑनलाइन भरा, पुराव्याचा फोटो जोडा. कुठला फोटो जोडू? पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीवर तासभर ड्रोन घोंगावतो, त्याला कुणी कार्ड मागत नाही. दिल्लीत ड्रोनसाठीच्या 25 फॉर्मचे 5 केलेत, चांगलं केलंत. पण नदीकाठी उभ्या असलेल्या साहेबांपर्यंत त्यातला एक कागद पोचला नाही. या राज्यात नियम पाळणाराच आधी सापडतो, कारण तो पळत नाही.

प्रत्येक ठाण्यात हे नियम एका पानावर, मराठीत लावा. पंचनाम्याशिवाय कुणाचा कॅमेरा उघडू नये, एवढं त्यात लिहा.

पावसाळ्याआधी मला संगम पुन्हा टिपायचाय. पाणी चढलं की तो काठ दिसणार नाही.

आपला,
गावभागातला एक फोटोग्राफर, सांगली