ओव्हनच्या लहरींना किरणोत्सर्ग म्हणू नका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मायक्रोवेव्हवर लेख आला होता, त्यात चार-पाच वेळा ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द आलाय, आणि त्या एका शब्दाने काय होतं ते मला दुकानात बसून दिसतं म्हणून लिहितोय. मी कोथरूडमध्ये 22 वर्षं ओव्हन रिपेअर करतो. सोमवारी सकाळी शटर वर करतोय तोच एक काकू रिक्षातून ओव्हन घेऊन आल्या, अगदी चालू कंडिशनमधला, म्हणे हा विकून टाका, घरात नातवंडं आहेत, ते अणूचं काही मला घरात नको.

किरणोत्सर्ग म्हणजे युरेनियम, रेडियम असल्या धातूंचे अणू आपोआप फुटतात आणि त्यातून जे बाहेर पडतं ते. ओव्हनमध्ये असलं काहीच नसतं हो, आत लहरी तयार करणारा मॅग्नेट्रॉन असतो, तांब्याची पोकळी, दोन चुंबकं आणि त्याला साधारण चार हजार व्होल्ट. वीज बंद केली की लहरी त्याच क्षणी संपल्या, दिवा मालवल्यावर उजेड खोलीत थोडाच साठून राहतो, तसंच, अन्नात मागे काही उरत नाही.

आता फ्रीक्वेन्सीचं. घरचा ओव्हन 2450 मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला 245 कोटी वेळा लहर हेलकावते, आकडा ऐकून घाबरायला होतं पण साध्या पिवळ्या उजेडाची फ्रीक्वेन्सी याच्या दोन लाख पट आहे आणि त्याला कोणी घाबरत नाही. एवढ्या कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरीत रेणू तोडायची ताकद नसते, ती पाण्याच्या रेणूंना फक्त हलवते आणि त्यातून उष्णता होते. लेखात लिहिलंय की पाण्याची ‘स्वतःची’ फ्रीक्वेन्सी हीच आहे, ते पण चूक. पाणी सगळ्यात जास्त शोषतं ते याच्या बरंच वर, आणि ओव्हन तिथे चालवला तर बटाट्याची नुसती साल शिजेल. 2450 निवडली कारण हा पट्टा असल्या यंत्रांसाठी मोकळा ठेवलेला आहे. वायफायही याच्याच आसपास, 2.4 गिगाहर्ट्झवर, म्हणून तर ओव्हन लावला की पोरांचं नेट अडखळतं. पण राउटर वॉटच्या दहाव्या भागाएवढा आणि ओव्हन 800 वॉटचा.

नावात मायक्रो आहे म्हणून लोकांना लहर अगदी बारीक वाटते, प्रत्यक्षात ती 12 सेंटीमीटरची, वीतभर नाही पण बऱ्यापैकी. माझ्या पुतणीला मी हे पापडांवर दाखवलं. फिरणारी काच काढून टाकली, खाली कच्चे उडदाचे पापड एकाला एक चिकटून मांडले आणि वीस-पंचवीस सेकंद चालवला, तर काही ठिकाणी फोड येऊन पांढरं झालेलं आणि मधलं तसंच कच्चं. तिने पट्टीने दोन फोडांमधलं अंतर मोजलं, कुठे पाच सेंटीमीटर भरलं कुठे सात, पण बरेचसे सहाच्या जवळ. दोन गरम जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी लहर, म्हणून सहाची दुप्पट 12 ही लहरीची लांबी, गुणिले सेकंदाला 245 कोटी लहरी, झाला की प्रकाशाचा वेग, सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर! पोरगी दिवसभर सगळ्यांना सांगत होती. दारावरच्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची असतात, त्यातून उजेड येतो पण ही 12 सेंटीमीटरची लहर येत नाही, ते पण तिला तेव्हाच कळलं.

आणि आपल्या जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिश उभ्या आहेत, त्या आकाशातून येणाऱ्या हायड्रोजनच्या 21 सेंटीमीटरच्या लहरी पकडतात, म्हणजे असल्या लहरी आपल्यावर कायमच पडतायत.

घाबरायचंच तर खऱ्या गोष्टीला घाबरा. बिजागरी ढिली झाली, दार वाकलं, जाळी फाटली तर ओव्हन लावू नका. आतला अभ्रकाचा पत्रा तेलाने जळून ठिणग्या उडत असतील तर लगेच बंद करा. आणि स्वतः उघडू तर अजिबात नका, प्लग काढला तरी आतला वीज साठवणारा कपॅसिटर भरलेला असू शकतो आणि त्याचा झटका जीव घेऊ शकतो. हे तुमच्या लेखात एका ओळीतही नव्हतं, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

रेडिएशनला मराठीत ‘प्रारण’ हा शब्द आहे, तो जड वाटला तर सरळ लहरी लिहा. काकूंचा ओव्हन मी अजून विकलेला नाही. दुरुस्ती छापलीत तर ते कात्रण घेऊन मी स्वतः तो त्यांच्या घरी पोचवेन.

— एक वाचक, कोथरूड, पुणे