लोडर बसवण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि तसाच उठून माझ्या ट्रॅक्टरपाशी गेलो. वडिलांच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे माती-खत उचलणारी बकेट आणि तिचे हात, बसवायचा म्हणतोस. जरूर बसव. शेणखताच्या पाट्या भरून तुझ्या पाठीचं काय झालंय ते मला ठाऊक आहे. पण बकेट केवढी घ्यावी हे विचारण्याआधी पुढचा एक्सल किती पेलेल ते बघ.

समज, पुढच्या-मागच्या चाकांत दोन मीटर अंतर आहे आणि भरलेली बकेट पुढच्या एक्सलच्या दीड मीटर पुढे आहे. बकेटमध्ये 500 किलो माती. तर पुढच्या एक्सलवर 875 किलो वाढतात, कारण मागच्या चाकांवरचा 375 किलो भारही पुढे सरकतो. लोडरचं स्वतःचं वजन आणखी वेगळं. इतकी वर्षं चाललेले किंगपिन (पुढचं चाक ज्यांवर वळतं त्या पिना) आणि त्यांभोवतीचे बुश यात लवकर झिजून बोलू लागतात. पॉवर स्टेअरिंग नसेल तर भरल्या बकेटने जागेवर वळवताना खांदे भरून येतात, म्हणून ते बसवायचं कामही यातच धर. पुढचे टायर जास्त प्लायचे, म्हणजे जास्त भार पेलणारे घे.

माझी चूक मात्र फ्रेममध्ये झाली. ज्याने लोडर बसवून दिला त्याने लोडरचे खांब क्लच हाउसिंगला, म्हणजे क्लचच्या कवचाला, बोल्टने आवळले आणि तिथेच थांबला. मीही काही बोललो नाही. जुन्या ट्रॅक्टरला बहुतेक वेळा वेगळी चॅसिस नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स हे बिडाचे तुकडे एकमेकांना जोडूनच त्याचा कणा होतो. काही महिन्यांनी इंजिनच्या जोडाशी ऑइलची बारीक रेघ दिसली. फडक्याने पुसून बोट फिरवलं, तर बोल्टाच्या भोकापासून निघालेला केसाएवढा तडा नखाला लागला. त्या दिवशी पोटात गोळा आला. ट्रॅक्टर मधून उघडून हाउसिंग बदलावं लागलं. आता दोन्ही बाजूंनी जाड चॅनेल थेट मागच्या एक्सलच्या हाउसिंगपर्यंत नेले आहेत. तू पहिल्याच दिवशी तसं करून घे, यात काटकसर नको.

हायड्रॉलिकचंही ऐक. मागे अवजारं उचलणाऱ्या लिफ्टच्या पंपावर लोडर चालतो, पण रखडत. 63 मिलिमीटर बोअर (आतला व्यास) आणि 50 सेंटिमीटर स्ट्रोकच्या (दांड्याची चाल) दोन सिलिंडरांना मिळून साधारण 3.1 लिटर तेल लागतं. पंप मिनिटाला 15 लिटर देत असेल तर हात पूर्ण वर जायला बारा-साडेबारा सेकंद, तेही इंजिन रेसवर असताना. 30 लिटरचा वेगळा पंप क्रँकच्या पुढे बसवलास तर निम्मा वेळ. शिवाय मागचा लिफ्ट ढकलून वर जातो आणि वजनाने खाली येतो. बकेटला दोन्हीकडून जोर हवा, म्हणजे डबल-अ‍ॅक्टिंग व्हॉल्व्ह आलाच. होजमधून बारीक गळती वाटली तर हाताने चाचपू नकोस, पुठ्ठा फिरवून बघ. त्या दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं आणि बोट गमवायची वेळ येते.

मागे वजन हवंच. मी मागे अवजार जोडायच्या थ्री पॉइंटला काँक्रीटची पेटी लावतो, आणि मागच्या टायरांत 75 टक्क्यांपर्यंत पाणी भरलंय. भरलेली बकेट गुडघ्याच्या वर नेऊन चालू नकोस. उतारावर वळताना तर अजिबात नाही. दिवसभर पुढे-रिव्हर्स करताना क्लचही झिजतो, त्याचा फ्री प्ले (पेडलची मोकळी चाल) अधूनमधून तपासत राहा.

येत्या मोकळ्या दिवशी पुढचा भाग जॅकवर घे, दोन्ही चाकं वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघ. मग सेंटर पिनपाशी, म्हणजे एक्सल मध्यभागी जिच्यावर डोलतो तिथे, सब्बल घालून एक्सल उचलून बघ. किती खेळतो ते मला लिही. बकेटचं माप त्यानंतर ठरवू.

तुझा,
मित्र