ग्रेफवाल्या काकांना जाहीर धन्यवाद

काका, साष्टांग नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच पाऊसपाणी विचारायला लागता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय, रागावू नका.

आपल्या गावात फौजींना मान आहे, वेशीवर त्यांचं स्मारक आहे आणि ते असायलाच पाहिजे. पण आमचे बाबा ग्रेफमध्ये, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या दलात, डोझर ऑपरेटर होते म्हटलं की लोक विचारायचे, म्हणजे पीडब्ल्यूडी का? बॉर्डर रोड्स ही संघटना 7 मे 1960 ला सुरू झाली, पहिले दोनच प्रोजेक्ट, ईशान्येला टस्कर, ज्याला आता वर्तक म्हणतात, आणि काश्मीरला बीकन, आणि त्यात राबणारी माणसं म्हणजे ही जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्स, हीच ग्रेफ, जिचं सेंटर आपल्या पुण्यात दिघीला आहे तरी कितीतरी पुणेकरांना पत्ता नाही. आर्मी ॲक्ट लागू होतो, 1983 ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की ग्रेफ सशस्त्र दलांचाच भाग आहे, पण रिटायर झाल्यावर माजी सैनिकाचा दर्जा नाही. हे मला अजूनही फार लागतं.

शाळेमागच्या पडीक जागेत संग्रहालय आणि बाग करायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे होतं काय, बाबांचा कोट, थोडे फोटो आणि एक ट्रंक. तुम्ही टेम्पो भरून सामान आणलंत. रॉकेलची बुखारी (खोली गरम करायची शेगडी), जॅकहॅमरचे बिट, आणि डोझरच्या ब्लेडची ती कटिंग एज, मधोमध इतकी झिजलेली की हात फिरवला की खळगा लागतो. तिच्याशेजारी उभं राहून तुम्ही पोरांना सांगितलंत की काश्मीर-लडाखमधल्या झोजीला खिंडीचा बर्फ काढताना डोझर आधी वाट फोडतो, बर्फ दरीकडे ढकलायचा असतो, आणि रस्ता कुठे संपला नि दरी कुठे सुरू झाली ते केबिनमधून दिसतच नाही, म्हणून पुढे एक माणूस बांबूने चाचपत चालायचा. सोनमर्गकडून बीकनवाले येणार, द्रासकडून विजयक या दुसऱ्या प्रोजेक्टवाले, आणि मधे कुठेतरी दोन्हीकडच्या मशिनी समोरासमोर. पोरं जेवायची सुट्टी विसरली हो!

पण खरे आभार त्या वहीसाठी. भिंतीवर नावं कोरायची होती, रेकॉर्डमधली नावं सहज मिळाली, नंबर, ट्रेड, युनिट सगळं. तुम्ही विचारलंत, बांबू घेऊन पुढे चालणाऱ्याचं काय? तो सीपीएल, कॅज्युअल पेड लेबर, झारखंडातल्या दुमक्याकडून सीझनपुरता आलेला, रोजंदारीवरचा. तुमच्या कॅम्पवर दरडीखाली, बर्फाखाली गेलेल्यांची नावं तुम्ही स्वतः लिहून ठेवली होतीत, नाव, बापाचं नाव, गाव, आणि एका ठिकाणी फक्त ‘मेटचा भाऊ’, म्हणजे मजुरांच्या मुकादमाचा भाऊ, एवढंच. कमिटीत एक-दोघं म्हणाले की ही आपल्या गावची माणसं नाहीत, वर्गणी गावाची आहे. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, मी जिवंत घरी आलो तो यांच्यामुळे, यांची नावं नसतील तर माझं सामान टेम्पोत परत भरा. त्यावर कुणी काही बोललं नाही.

आता सगळी नावं एका भिंतीवर आहेत, अकारविल्हे, एकाच मापाच्या अक्षरात, पर्मनंट कोण नि रोजंदार कोण ते कळत नाही. लोक लडाखच्या उमलिंग ला खिंडीत 19,024 फुटांवर बाईक घेऊन जातात, फोटो टाकतात, जावंच, पण तिथे श्वास लागत असताना डांबर कुणी टाकलं हे निदान आपल्या गावच्या पोरांना तरी माहीत आहे, ते तुमच्यामुळे. आई येऊन गेली, बाबांचं नाव बघितलं, मग शेजारचं दुमक्याचं नावही तिने मोठ्याने वाचलं.

वही स्कॅन झालीये, रविवारी भाचा घरी आणून देईल. ‘मेटचा भाऊ’चं नाव शोधायला त्या पानाचा फोटो दुमक्याच्या एका गुरुजींना पाठवलाय, काही कळलं की पहिला फोन तुम्हाला.

तुमच्या दोस्ताची लेक