'द साइन ऑफ फोर' गाईडातून नको, पुस्तकातून शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत आर्थर कॉनन डॉयल यांच्या 'द साइन ऑफ फोर' या कादंबरीतला उतारा आहे. शिरपूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते. या उताऱ्याचं वर्गावर्गांत काय होतं ते पाहून राहवलं नाही, म्हणून हे पत्र. मुलांच्या हातात पुस्तकाआधी गाईड येतं. आमच्या मुलांकडे जे आहे त्यात आधी शब्दार्थांची यादी, मग 'प्लॉट' असा मथळा आणि त्याखालच्या पहिल्या चार ओळींतच लाकडी पायाच्या जोनाथन स्मॉलचं नाव. गुन्ह्यामागे कोण आहे हे आधीच सांगून टाकल्यावर पोरांनी वाचायचं कशासाठी? ती वाचत नाहीत, पाठ करतात. मार्चमध्ये लिहितात आणि एप्रिलमध्ये विसरतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही कादंबरी वर्गात पूर्ण वाचावी, बाराही प्रकरणं. शब्द प्रसंगातून शिकवावेत आणि शेवट शेवटापर्यंत झाकून ठेवावा.

पहिलं प्रकरण घ्या. गुप्तहेर शेरलॉक होम्स त्याचा मित्र वॉटसन याला सांगतो, तू आज सकाळी विगमोर स्ट्रीटच्या टपाल कचेरीत गेला होतास आणि तिथून तार केलीस. कचेरीसमोरचा रस्ता खणलेला आहे, तिथली तांबूस माती वॉटसनच्या बुटाला लागली आहे. म्हणजे तिथे गेला हे डोळ्यांनी दिसलं. पण सकाळभर त्याने पत्र लिहिलेलं नाही, तिकिटं आणि पोस्टकार्डं टेबलात भरपूर पडली आहेत, मग तारेखेरीज तिथे काम कोणतं? पहिलं निरीक्षण, दुसरं अनुमान. गाईडात हे दोन्ही शब्द यादीत एकाखाली एक आहेत, अर्थासकट, आणि मुलांना त्यांतला फरक सांगता येत नाही. पावसाळ्यात मी हे प्रकरण काढते आणि मुलांना एकमेकांच्या चपला बघायला लावते. थाळनेरकडून येणाऱ्यांच्या तळव्यांना तापीकाठची चिकट काळी माती असते, बोराडीकडच्यांना मुरूम. इथवर निरीक्षण. मग काळी माती असूनही चप्पल जवळपास कोरडी असेल, तर हा पायी आला की कोणाच्या गाडीवर बसून आला, हे अनुमान. त्यानंतर ते शब्द कोणी विसरत नाही.

शोल्टोच्या खोलीचं प्रकरण तर शब्दसंग्रहासाठीच लिहिलंय असं वाटावं. दार आतून बंद, बार्थोलोम्यू शोल्टो खुर्चीत मेलेला, कानाच्या वर काटा रुतलेला, छताला भोक, खिडकीच्या चौकटीवर चिखलाचा गोल ठसा. मी फळ्यावर खोली काढते आणि मुलं एकेक शब्द आणून त्या जागी लिहितात: सिल, ट्रॅपडोअर, स्टम्प, थॉर्न, क्रिओसोट (डांबरासारखा उग्र वासाचा द्रव). यांतला एक जरी कळला नाही तरी खुनी आत कसा आला हे कळत नाही, म्हणून मुलं आपण होऊन शब्दकोश उघडतात. मागच्या बाकांवर "कोनी मारं व्हई?" अशी कुजबुज चालते. ती मी थांबवत नाही. विचार अहिराणीत झाला तरी पुरावा इंग्रजी पानावरच शोधावा लागतो.

कथानकाचंही तसंच. या कादंबरीत जे सर्वांत आधी घडलं ते सर्वांत शेवटी सांगितलं आहे. आग्ऱ्याच्या किल्ल्यातला १८५७ चा खून आणि खजिना थेट बाराव्या प्रकरणात येतो. कॅप्टन मॉर्स्टन १८७८ च्या डिसेंबरात नाहीसा होतो, १८८२ पासून दरवर्षी त्याच्या मुलीला, मेरीला, एक मोती येतो, आणि हे मात्र आपल्याला दुसऱ्याच प्रकरणात कळतं. मुलांनी तारखा टिपत जायचं आणि सगळं संपल्यावर त्या ओळीने लावायच्या. प्लॉट म्हणजे काय हे त्यातून कळतं. सारांश त्या तारखा आधीच ओळीने लावून देतो, मग मुलांना करायला काही राहत नाही. तारखा टिपताना मुलांना लेखकाचीच चूक सापडते: मेरीला आलेल्या पत्रावर ७ जुलैचा शिक्का आहे आणि त्याच संध्याकाळी वॉटसन सप्टेंबरची संध्याकाळ म्हणतो. सतरा वर्षांच्या मुलीने कॉनन डॉयलची चूक काढली की तिचा चेहरा बघावा. इंग्रजीची भीती तिथे निम्मी जाते.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहिते आहे ती. या कादंबरीत टोंगा नावाचा अंदमानचा आदिवासी आहे, स्मॉलचा साथीदार; शोल्टोला रुतलेला काटा त्यानेच फुंकणीतून मारलेला. आठव्या प्रकरणात होम्स एका गॅझेटियरमधून, म्हणजे प्रदेशांची माहिती देणाऱ्या ग्रंथातून, अंदमानच्या लोकांचं वर्णन वाचून दाखवतो: कुरूप, क्रूर, चार फुटांहून बुटके, माणसं खाणारे. हे खोटं आहे. ते नरभक्षक नव्हते, त्यांची उंची याहून बरीच जास्त असते, आणि फुंकणीतून काटे मारण्याची रीत त्यांची नाही. ते धनुष्यबाण वापरतात. माझ्या वर्गात भिल्ल आणि पावरा मुलं बसतात, त्यांच्या घरी तिरकामठा आहे. त्यांच्यासमोर ते पान नुसतं शब्दार्थ सांगत वाचून पुढे जाणं मला अन्यायाचं वाटतं. एका पावरा मुलीने विचारलं, "मॅडम, टोंगा स्वतः काहीच का बोलत नाही?" खरंच, कादंबरीभर त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. मग आम्ही आठवं आणि बारावं प्रकरण शेजारी ठेवलं. बाराव्यात स्मॉल सांगतो की टोंगा मरणाला टेकला होता, आपण त्याची शुश्रूषा केली, आणि तो शेवटपर्यंत निष्ठावान राहिला. त्याच माणसासाठी गॅझेटियर कोणती विशेषणं वापरतं आणि त्याच्याबरोबर राहिलेला माणूस कोणती, हे मुलांनी दोन रकान्यांत लिहिलं. विशेषणं शिकवण्याचा याहून चांगला तास मला कधी घेता आलेला नाही. आग्ऱ्याच्या पहाऱ्यावरच्या दोघांची नावं महोमेट सिंग आणि अब्दुल्ला खान, आणि लेखक त्यांना शीख म्हणतो, तिथेही मुलांचे हात आपोआप वर जातात.

आणि हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही. आग्ऱ्याच्या किल्ल्यात कॉनन डॉयल यांनी खजिना लपवला त्याच १८५७ मध्ये इथून जवळच, सेंधवा घाटात, भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांनी इंग्रजांचा खजिना लुटला. त्यांचे साथी भीमा नाईक यांना पुढे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि ते अंदमानातच वारले. पोर्ट ब्लेअरची कैद्यांची वसाहत १८५८ ची. मुलांच्या डोळ्यांसमोर सेल्युलर जेल येतो, पण त्याचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं आणि ही कादंबरी १८९० ची आहे. अंदमानात कैदी असलेला स्मॉल सांगतो त्या झोपड्या, हिवताप आणि बेड्या भीमा नाईकांच्या काळातल्या आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी बसून हे पुस्तक शिकवायचं आणि खाज्या-भीमांचं नाव काढायचं नाही, हे मला जमत नाही.

वेळ नाही, पोर्शन पुरा होत नाही, असं सहकारी म्हणतात. अडचण खरी आहे. पण प्रकरणं लहान आहेत, फक्त शेवटचं लांबलचक आहे. काही भाग मुलं घरी वाचतात, काही मी मराठीत सांगून पुढे नेते. सुरुवातीलाच होम्स कोकेन टोचून घेतो ते मी वगळत नाही. वॉटसन डॉक्टर म्हणून त्याला काय सुनावतो ते नीट वाचून घेते. पुस्तकाचा खर्चही नाही. लेखक १९३० मध्ये वारले, हक्क संपून काळ लोटला, मूळ इंग्रजी कादंबरी मोबाईलवर फुकट वाचता येते. तरीही प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने छापील प्रती घ्याव्यात, कारण पाड्यावर गेल्यावर रेंज मिळत नाही आणि पेन्सिलीने खुणा पुस्तकावरच करता येतात.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. एखाद्या मुलाने गाईडातली वाक्यं न लिहिता, मोडक्यातोडक्या का होईना, स्वतःच्या इंग्रजीत टोंगाची बाजू मांडली असेल, तर ते उत्तर 'अपेक्षित'शी जुळत नाही म्हणून त्याचे गुण कापू नका.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका
शिरपूर, जि. धुळे
(कृपया नाव छापू नये.)